हिंगावरून अबोला

२३ एप्रिल २०२१, शुक्रवार

गच्चीवर मीटिंग झाली. अपार्टमेंटच्या कोविड कमिटीचा अध्यक्ष म्हणून माझी बिनविरोध निवड. अध्यक्ष कोण होतंय, असं सेक्रेटरी रितेशने विचारलं तेव्हा सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले. याला मी एकमत समजतो. शिक्षण खात्यातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालेला माणूस या बिल्डिंगमध्ये दुसरा आहे कोण?

आमच्या चिक्कडपल्ली भागात घराआड एक पेशंट आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये शून्य राहिलं पाहिजे. शून्य म्हणजे शून्य, असं ठणकावून सांगितलं.

खरं कारण मीटिंगमध्ये सांगितलं नाही, इथं लिहितो. बायकोला, ताराला, दमा आहे. मागच्या थंडीत तिला धाप लागली तेव्हा मी तिचा पंप शोधत घरभर धावत होतो आणि पंप माझ्याच खिशात होता. हा आजार तिच्यापर्यंत पोचता कामा नये. आयुष्यात हे एक काम तरी चोख करायचं.

माझी स्वतःची काळजी नाही. मार्चमध्येच लस घेतली आहे. एक डोस म्हणजे निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं माझी प्रकृती बघून घेईल.

२५ एप्रिल, रविवार

नियम लिहून जिन्यात लावले. तळमजल्यावरच्या इंदुताई ते वाचून म्हणाल्या, एकनाथराव, हे नियम सगळे दुसऱ्यांनाच आहेत की. बरोबर आहे. अध्यक्षालाच नियम लावले तर ते पाळून घेणार कोण?

रितेशने बिर्याणी मागवली. पार्सलवाला थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. वॉचमन यादय्याला जाब विचारला तर म्हणतो, क्या करना साब, बिर्यानी ठंडी हो जाती. हे काही उत्तर झालं? अशा माणसांच्या भरवशावर लढाई लढायची आहे.

२८ एप्रिल, बुधवार

नवी अडचण. आवकायचे दिवस आले.

आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी काय आणि तेलुगू काय, वर्षाचं आवकाय लोणचं घातल्याशिवाय कोणाचाच उन्हाळा संपत नाही. कैरी, तिखट, मोहरीची पूड, मीठ, लसूण, तिळाचं तेल. तिसऱ्या दिवशी बरणी उघडायची, लोणचं खालीवर करायचं, चाखायचं आणि काय कमी असेल ते घालायचं. हा चाखण्याचा मान माझा. माझं नाक. बरणीचं फडकं सुटायच्या आत मी सांगतो मोहरी कशी उतरली आहे. शेजारच्या भाग्यलक्ष्मीगारू खुद्द गुंटूरच्या. त्यासुद्धा एकदा म्हणाल्या होत्या, सार, मीरे चेप्पालि. म्हणजे तुम्हीच सांगा. तेव्हापासून दर वर्षी मीच सांगतो. त्या माझ्याशी अर्धा तास वाद घालतात तो निव्वळ विद्यार्थिवृत्तीने.

तारा म्हणते, यंदा राहू द्या, नाहीतर कैऱ्या घरपोच मागवू. घरपोच कैरी! न हुंगता!

२ मे, रविवार

उपाय सापडला. चार घरांतून चार माणसं बाजारात गेली तर चौपट धोका. म्हणून चारही घरांचं सामान आणायला मी एकटा गेलो. धोका एकदम पावपट. हे गणित रितेशला समजावून सांगितलं. तो इंजिनिअर असूनही गप्प झाला.

नारायणगुड्याच्या बाजारात तोबा गर्दी. कैऱ्या फोडून देणाऱ्यापुढे लोक एकमेकांच्या पाठीवर चढलेले. शिस्त नावाला नाही. मी तिघांना रांगेवरून सुनावलं. मास्क अर्थातच होता, एकावर एक असे दोन. फक्त नाकाखाली. तिखट आणि मोहरी मास्कमधून कशी पारखणार? दोन्ही जिन्नस हुंगून हुंगून घेतले.

येताना जामबागच्या शाळेतला जुना सोबती भेटला. त्याचा घसा बसलेला, कोरडा खोकला. म्हणाला, एसीमुळे. इराण्याकडे उभ्या उभ्याच एक चहा वन बाय टू घेतला. बोलण्यापुरता मास्क खाली. घरी आल्यावर मात्र साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. कैऱ्यासुद्धा साबणाने धुतल्या. तारा नको नको म्हणत होती.

४ मे, मंगळवार

चारही घरांत बरण्या भरल्या. आमची बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवली, तिथे गारवा असतो. उरलेलं मीठ, तिखट, मोहरीही तिथंच. शुक्रवारी चाखणं.

घसा खवखवतो. परवाचं तिखट अस्सल होतं याचा पुरावा.

५ मे, बुधवार

अंग दुखतं. चार घरांच्या पिशव्या उचलल्या, दुखणारच. याची कोणाला जाणीव आहे? नाही.

६ मे, गुरुवार

तारा स्वयंपाकात चालढकल करू लागली आहे. सकाळच्या चहात आलं नाही. विचारलं तर म्हणते घातलंय. दुपारी वरणाला फोडणीच नाही. विचारलं तर म्हणते ठसक्याने मीच बाहेर गेले होते, तुम्हाला लागला नाही? मी म्हटलं, हिंग बनावट असेल. ती आत गेली, डबी आणली, झाकण काढून माझ्या नाकाखाली धरली. मी नीट, दीर्घ हुंगून सांगितलं, पिठी आहे पिठी. दुकानदाराने फसवलंय, तक्रार कर.

ती माझ्याकडे बघतच राहिली. असं तिनं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतं.

मग जे झालं ते अनाकलनीय. तीन पावलं मागे सरली, पदर तोंडाला लावला आणि एकदम कडाडली. माझ्या माहेरच्या हिंगाला नावं ठेवता? खबरदार माझ्याशी बोलाल तर. आत्ताच्या आत्ता बाहेरच्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि मी सांगेपर्यंत तोंड दाखवू नका. पुढे बराच वेळ घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्याचे आवाज येत होते.

तो हिंग माहेरचा नव्हता. मीच कोटीच्या बाजारातून आणला होता. पण बाईमाणूस संतापलं की पुराव्याला अर्थ नसतो. मी मुकाट्याने बाहेरच्या खोलीत आलो. नेहमीचंच आहे. ती चिडली की मी बसून राहतो. तिचा अबोला आजवर दोन जेवणांच्या पुढे टिकलेला नाही.

७ मे, शुक्रवार

टिकला. चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवते, कडी वाजवते आणि पळते. फटीतून बघितलं. दोन मास्क, वर ते प्लास्टिकचं पारदर्शक शिल्ड. रागाच्या भरात तोंड दाखवायचं नाही म्हणजे किती नाही!

दुपारी चाखण्याचा कार्यक्रम. बायका आत आल्या नाहीत. ताराने काय कान फुंकले कोण जाणे. प्रत्येकीने एकेका द्रोणात लोणचं पाठवलं. चाखलं आणि हादरलो. कशालाच चव नाही! मीठ नाही, मोहरी नाही, तिखट तर औषधाला नाही. यंदा अख्ख्या बिल्डिंगचा हात बिघडलाय. दाराआडून खणखणीत आवाजात हुकूम दिले: मीठ दुप्पट, मोहरी मूठभर, तिखट सढळ. इंदुताई म्हणाल्या, बरं. भाग्यलक्ष्मीगारू म्हणाल्या, सरेनंडी सार, म्हणजे ठीक आहे. वाद नाही, गुंटूर नाही, काही नाही. इतक्या वर्षांनी अधिकार मान्य झाला.

आमची बरणीही उघडली. तीच तऱ्हा. तारा बोलत नाही, तिला सांगणार कसं? मीच चार मुठी मीठ, दोन मुठी मोहरी आणि उरलेलं सगळं तिखट घातलं आणि ढवळून ठेवलं. अबोल्यातही संसार असा सावरावा लागतो.

८ मे, शनिवार

रितेशने दाराबाहेरून सांगितलं की कमिटीने ऑक्सिमीटर घेतलंय आणि ते नीट चालतं का हे अध्यक्षांनी दिवसातून चार वेळा स्वतःच्या बोटाला लावून तपासायचं. योग्य आहे. सरकारी खरेदीतसुद्धा अशी तपासणी झाली असती तर देश कुठे गेला असता.

लोकांसमोर आदर्श म्हणून पहिली कोविड टेस्टही अध्यक्षांनीच करावी असं ठरलं. अंतराळवीरासारखा एक माणूस येऊन नाकात काडी घालून गेला. माझ्या नाकाशी असा व्यवहार आजवर कोणी केला नव्हता.

९ मे, रविवार

रितेश म्हणाला, अंकल, रिपोर्ट आला, मी फाइल करून ठेवलाय. शाबास. फाइल झाला हे महत्त्वाचं. काय लिहिलंय ते विचारायचं राहिलं.

थोडा ताप. उन्हाळा बाधला.

१० मे, सोमवार

ताप. थाळीत जेवणाबरोबर गोळ्या असतात. व्हिटॅमिन असावं. बाई रागात व्हिटॅमिन देते पण एक शब्द देत नाही.

मशीन ९३ दाखवतं. रितेशला फोन करून कळवलं, माल हलका आहे, परत कर. त्याचा आवाज बदलला. म्हणाला, अंकल, पालथे झोपून बघा, तसं झोपलं की मशीन बरोबर चालतं. पालथा झोपलो. ९५. कसली ही यंत्रं, झोपण्यावर चालतात.

दाराबाहेर ताराच्या पंपाचा आवाज आला. दोनदा. तिथंच उभी होती की काय? बाहेरून कोणी आजार आणला तर नाही ना? हे बघायला मी गेटवर हवा, आणि मी इथं हिंगापायी कोंडलेला! दार उघडू लागलो तर अशी ओरडली की कडीवरचा हात आपोआप खाली आला.

१२ मे, बुधवार

आजपासून लॉकडाऊन. सकाळी सहा ते दहा तेवढी सूट. अध्यक्षाने हे चार तास गेटवर उभं राहायला हवं. झोपलो होतो. उठलो तेव्हा सूट संपलेली. उठलो, म्हणजे डोळे उघडले.

१३ मे

प्रशासकीय थकवा.

१४ मे, शुक्रवार

हात कापतो, अक्षर वाईट. अक्षय्य तृतीया. आमरस आला असं म्हणतात. पिवळं काहीतरी होतं.

खरं लिहायचं तर आज रडू आलं. एवढ्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. दाराला तोंड लावून म्हटलं, तारा, हिंग चांगला होता, चुकलो. ती दाराला पाठ टेकून खाली बसली आहे हे बांगड्यांवरून कळलं. मग आवाज आला, दाटलेला, रागाचाच असणार. मशीन लावा आणि आकडा सांगा, म्हणाली. ९२, मी म्हटलं. पालथे व्हा, म्हणाली. मी पालथा झालो. पुन्हा आकडा विचारला. पुन्हा सांगितला. संध्याकाळपर्यंत एवढंच बोलणं. अबोल्यात आकड्यांना सूट आहे असं दिसतं.

मला बरं वाटलं. का ते माहीत नाही.

१७ मे, सोमवार

ताप नाही. मशीन सुधारलं, आता ९६ दाखवतं. मी तपासणी चिकाटीने केली म्हणून.

यादय्याला फोन केला. गेटवर कडक राहा म्हटलं. तो म्हणाला, आप आराम करो साब, बाहर से कोई खतरा नै, अंदर का देख लेरे सब मिल के. अंदर का काय? वॉचमनला बोलण्याचं ताळतंत्र राहिलेलं नाही. खोलीत बसून कारभार करायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

२० मे, गुरुवार

भूक लागली. चार पोळ्या खाल्ल्या. भाजी कशाची होती सांगता येणार नाही, पण खाल्ली.

मोठा निर्णय. एवढ्या लाटेत बिल्डिंगमध्ये एकही केस नाही. याचा जाहीर फलक गेटवर लागला पाहिजे. फ्लेक्सवाले बंद आहेत, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच रंगवला. एक मोठं शून्य आणि अध्यक्षांचं नाव. नाव शून्याच्या अगदी मधोमध बसलं आहे, छान दिसतं. भाषणही तयार केलं. लहानसंच, पाऊण तासाचं.

अबोला सुटला की पहिलं ताराला वाचून दाखवीन. शेवटी सगळं तिच्यासाठीच केलं. तिला अजून कल्पना नाही.

२३ मे, रविवार. सकाळ

फिनेल! जाग आली ती फिनेलच्या वासाने. दाराच्या फटीतून भपकारा येत होता. एवढं फिनेल रोज माझ्या दाराबाहेर कोण ओततं? मग चहा आला. आलं होतं! चांगलं ठेचून घातलेलं. ओरडलो, तारा, आज आलं घातलंस!

दार उघडलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मास्क होता, पण आत आली. हातात हिंगाची डबी. दुरून हात लांब करून माझ्या नाकाखाली धरली. मला चार शिंका आल्या. अस्सल हिंग, मी म्हटलं, नवा आणलास वाटतं.

तीच डबी आहे, ती म्हणाली. आणि तिथंच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. मी जवळ जाऊ लागलो तर हाताने लांब बसा म्हणाली, आणि रडत रडतच हसायला लागली.

दुपार

सगळं कळलं. लिहायचं नव्हतं, पण रोजनिशी आहे.

तो रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. बिल्डिंगमधली पहिली केस मी. एकमेव केस मी. ताराला हिंगाच्या डबीवरूनच कळलं होतं. तिचा स्वतःचा रिपोर्ट निगेटिव्ह, दोन वेळा. भांडण केलं कारण, ती म्हणाली, तुम्हाला कोविड झालाय म्हटलं असतं तर तुम्ही गच्चीवर मीटिंग बोलावली असती. मी रागावले की मात्र तुम्ही एका जागी गप्प बसता. मला दुसरा उपाय सुचला नाही.

रितेशला माहीत होतं. डॉक्टरांना विचारून मला पालथं तोच झोपवत होता. इंदुताई रोज एक वेळचं जेवण पाठवत होत्या. फिनेल यादय्याचं. माझ्या हुकुमाप्रमाणे लोणच्यात मीठ कोणी घातलं, असं विचारलं. कोणीच नाही. भाग्यलक्ष्मीगारूंनी आपलं लोणचं वाटीत पाठवलं आहे. चाखलं. काही कमी नाही. माझ्याशिवाय इतकं चांगलं यापूर्वी झालं नव्हतं.

माझा संताप अनावर झाला. अध्यक्षाला न कळवता अध्यक्षाचं क्वारंटाइन! कोणत्या नियमात बसतं हे? ठरवलं. आता अबोला माझा. किमान चौदा दिवस. एक शब्द बोलणार नाही. कळू दे कसं वाटतं ते.

संध्याकाळ

फलक फाडला.

ताराला काही झालं नाही. एवढं एक काम चोख व्हायचं होतं, ते झालं. मी केलं नाही, इतकंच.

आठच्या सुमारास तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, जेवायला या. इतक्या दिवसांनी कानावर आलेली साधी हाक. अबोल्याचं लक्षात राहिलं नाही, आलो आलो म्हणत गेलो. टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. वरणाला फोडणी होती, हिंगाची. ती बोलत होती, आणि मी कोणताही मुद्दा न काढता ऐकत होतो.

मग तिनं आपली बरणी उघडली. यंदाची पहिली फोड माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, सांगा, तुम्हीच सांगायचं.

तोंडात घातली. मीठ, मीठ आणि मीठ. मागून मोहरी नाकात चढली, तिखट कानांतून निघालं. डोळ्यांतून धारा लागल्या. चव पूर्णपणे परत आली आहे याबद्दल शंका उरली नाही.

ती विचारत होती, कसं झालंय? मी म्हटलं, छान झालंय.

बरणी पाच किलोची आहे.